पण तो असतो ना

"आधी वर बघा," असं म्हणून शिवणबाई दारातच थांबायच्या.

शिक्षिकांच्या खोलीत शिरताना, वर्गात पाऊल टाकताना, अगदी कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तरी त्या उंबऱ्यापाशी क्षणभर उभ्या राहत. मान वर करून आढं बघत, मग एकेक करून चारी कोपरे, मग तसबिरींच्या मागची फट. खुर्ची पुढे केली तर ती उचलून तिची खालची बाजू पाहत. हे इतकं सहज चाले की नवख्याला वाटावं, बाई बांधकाम बघताहेत. एका घरी तर यजमानांनी कौतुकाने सांगितलं, वासे सागवानी आहेत. शिवणबाई "हो का" म्हणाल्या आणि निश्चिंतपणे बसल्या. वाशांवर कोळी नव्हता, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

आष्ट्याला आमच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. मोठ्या दुष्काळाच्या वर्षी त्या शिवणाच्या शिक्षिका म्हणून आल्या आणि आमच्याच गल्लीत एक खोली घेऊन राहिल्या. सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्याची ती मुलगी. उंच, सावळी, बोलणं हळू. कापडाला कात्री लावताना त्यांचा हात कधी अडखळला नाही. मुलीकडे नुसतं बघून तिच्या पोलक्याचं माप सांगत. एरवी भित्र्याही नव्हत्या. एकदा शाळेच्या पटांगणात कुणाचा तरी मोकाट बैल घुसला आणि आम्ही सगळ्या दारं लावून बसलो, तेव्हा त्याला लाकडी पट्टीने हाकलत फाटकाबाहेर नेऊन सोडलं ते शिवणबाईंनीच.

जाळ्यात लटकणाऱ्या बारीकसारीक कोळ्यांचंही त्यांना काही वाटत नसे. त्यांची भीती एकाचीच होती. तुम्हीही तो पाहिला असणार. जाळं करत नाही, भिंतीला चपटा चिकटून बसतो. तळहाताएवढा, खेकड्यासारखे पाय दोन्हीकडे फेकलेले. बराच वेळ हलत नाही आणि मग असा आडवा पळतो की गेला कुठे तेच कळत नाही. मादी असली तर पोटाखाली बत्ताशासारखी पांढरी अंड्यांची पिशवी घेऊन हिंडते. अंगावर मुतला की फोड येतात, असं आमच्या भागात म्हणतात. तसलं काही होत नाही. तो झुरळं खातो आणि माणूस दिसला की फटीत जातो.

हे सगळं आमच्या शास्त्राच्या मास्तरांनी त्यांना समजावून सांगितलं होतं. नुसतं सांगून भागलं नाही, तेव्हा बरणीत एक कोळी आणून टेबलावर ठेवला. शिवणबाईंनी भिंतीला पाठ लावून सगळं ऐकून घेतलं. मास्तरांना वाटलं, भीती गेली. त्या म्हणाल्या, "काही करत नाही, ते मलाही ठाऊक आहे, सर. पण तो असतो ना."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

आणि मारू तर द्यायच्या नाहीत. एकदा शिवणाच्या वर्गात, कपाटाच्या मागून, तो निघाला. मुली बाकांवर चढल्या, बाई त्यांच्याही आधी चढल्या. आमचे शिपाईमामा पायातली वहाण काढून धावत आले, तर ह्या वरूनच म्हणतात, मारू नका, बाहेर न्या. मामांनी वहाण खाली घेतली. "आवं बाई," ते म्हणाले, "तुमी त्याला भिताय बी आन् मारू बी दीत न्हाई. मग आमी करायचं तरी काय?" मुली हसल्या. शिवणबाईही हसल्या, पण बाकावरून खाली उतरल्या नाहीत. शेवटी मामांनी तो फडक्यात धरून कुंपणावर सोडला. पुढे ते त्यांचं नेहमीचंच काम होऊन बसलं.

गळ्यात मंगळसूत्र होतं, पण घरचं त्या काही बोलत नसत. विचारायचं तरी कसं, म्हणून आम्हीही गप्प. मग एका रविवारी त्यांच्या दाराशी पांढरा पायजमा, टोपी आणि हातात पेरूंची पिशवी असा एक माणूस उभा दिसला. ते त्यांचे यजमान. फलटणजवळ त्यांचा मळा होता. भल्या पहाटे निघून, साताऱ्याला आणि कऱ्हाडला गाड्या बदलत ते आले होते.

त्या दिवशी मला त्यांनी चहाला बोलावलं. मला वाटलं, आता दोघांचं काही बोलणं व्हायचं असेल, आपण लवकर उठावं. पण ते बोललेच नाहीत फारसे. ऊस कसा आहे, आत्याबाईंचे गुडघे कसे आहेत, एवढं शिवणबाईंनी विचारलं. सासूला त्या आत्याबाई म्हणत. चहा झाल्यावर गृहस्थांनी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि कोपरे तपासायला लागले. ट्रंका पुढे ओढल्या, भिंतीवरचं कॅलेंडर उचलून मागे पाहिलं, मोरीत जाऊन बंबाच्या मागे हात घातला. मग खाली उतरून म्हणाले, "काय न्हाई." आणि परतीच्या गाडीला निघाले.

वर्षातून चार-पाच वेळा ते असे येत. बायकोच्या खोलीत कोळी नाही ना, एवढं बघायला एक माणूस फलटणहून आष्ट्याला येतो, याचं गल्लीतल्या बायकांना हसू येई. मला हसू येत नसे, पण कोडंही सुटत नसे. भांडण म्हणावं तर भांडण दिसत नव्हतं.

ते सुटलं स्नेहसंमेलनाच्या तयारीत. मुलींच्या नाचाचे परकर शिवायचे होते. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी वर्गात बसून काठ दुमडत होतो. मी सहज म्हटलं, तुमचे यजमान फार सज्जन आहेत. सुईत दोरा ओवता ओवता त्या थांबल्या आणि मग त्यांनीच सगळं सांगितलं.

लग्न होऊन त्या मळ्यावर आल्या. घरात माणसं तीन: नवरा, सासू आणि त्या. दगडमातीच्या भिंती, वर कौलं, मागे ऊस. अशा घरात तो कोळी असायचाच. पहिल्याच महिन्यात न्हाणीघरात पाणी घेताना तो डोक्यावर दिसला आणि त्या ओल्या लुगड्यानिशी अंगणात धावल्या. अंगणात ऊसतोडीची माणसं भाकरी खात बसली होती. सासूने काही न विचारता आपला पदर सुनेभोवती गुंडाळला आणि तिला आत नेलं. पुन्हा कधी त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. गडीमाणसांनाही करू दिला नाही.

तेव्हापासून सून न्हाणीत जायच्या आधी नवरा जाऊन बघून येई. दिवस मावळायच्या आत जेवणं होत, आणि जेवायच्या आधी तो सगळ्या घरातून एक फेरी मारी. कोळी दिसला की खांद्यावरचा पंचा हळूच त्याच्यावर टाकायचा, गोळा करायचा आणि बांधावर नेऊन झटकायचा. "जा बाबा, उसात जा," असं त्याला सांगायचा. हे सांगताना शिवणबाईंना हसू आलं. "मला बोलायचे नाहीत तेवढं त्याच्याशी बोलायचे," त्या म्हणाल्या.

पण आज उसात सोडलेला उद्या पुन्हा घरात येई. धाकट्या भावाच्या लग्नाला त्या माहेरी निघाल्या त्या दिवशी सकाळीच ट्रंकेतल्या लुगड्यांत एक निघाला होता. त्या वैतागल्या होत्या. नवरा एसटीवर पोचवायला आला. गाडीत बसल्यावर खिडकीतून त्या म्हणाल्या, मी येईन तेव्हा घरात एकही नको. नवरा म्हणाला, "बरं." तो सगळ्यालाच बरं म्हणायचा.

सासू त्याच सुमाराला तीर्थाला गेली होती. घरात कुणी नव्हतं. जो पाणी गाळल्यावाचून कधी प्यायला नाही, त्या माणसाने उसावर मारायची विषारी पावडर आणली, तोंडाला फडकं बांधलं आणि आढ्यापासून जोत्यापर्यंत सगळं घर फवारलं. एकट्याने. गड्यालासुद्धा हात लावू दिला नाही.

शिवणबाई परतायच्या आदल्या दिवशी सासू परतली.

"मी फाटकातून आत आले," त्या म्हणाल्या, "तर आत्याबाई अंगणात बसल्या होत्या. पुढ्यात सूप. सुपात ते सगळे. पाय मुडपलेले. त्या पांढऱ्या पिशव्या. पाली, मुंग्या. ते कोळी टिपून मेलेली एक चिमणी. झाडूने एकेक अलगद गोळा केलं होतं त्यांनी. मला वाटलं, आता बोलतील. मला म्हणाल्या, ये, दमली आशील, भाईरच बस जरा, घरात वास हाय."

मी काठ बाजूला ठेवला. त्यांनी मात्र शिवण थांबवलं नाही.

सासूने मुलाच्या हातून झालेल्या हिंसेसाठी उपास धरले. मुलानेही धरले. आवाज चढला नाही, भांडी आपटली नाहीत. सून म्हणाली, मीही करते. त्यावर सासू म्हणाली, "तू कशाला गं? तू काय केलंस?"

"त्यात टोमणा नव्हता, ताई," शिवणबाई म्हणाल्या. "त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी ह्यांना काय बोलून गेले होते ते ह्यांनी आईला सांगितलंच नव्हतं. आणि मलाही सांगता आलं नाही. कुणी मला बोललं असतं तर मी राहिले असते."

पावडरीचा वास कितीतरी दिवस धान्याला, लुगड्यांना येत राहिला. भिंती स्वच्छ झाल्या होत्या, तरी त्या वर बघतच होत्या. नवरा देवळाला जायचा, पण आत जाईना. सासू आणि सून दर्शन घेऊन येईपर्यंत तो पायरीखाली चपलांपाशी उभा राही. विचारलं तर म्हणे, तुम्ही जाऊन या. त्याला तिथं उभं असलेलं बघवेना, तेव्हा शिवणाचा अभ्यासक्रम करायचा म्हणून त्या सांगलीला आल्या. मग ही नोकरी धरली. सोडून असं कुणी कुणाला दिलं नव्हतं. फक्त परत जायचं राहून गेलं होतं.

नंतरच्या एका फेरीत यजमानांनी चहा पिता पिता सांगितलं की जुन्या घराच्या शेजारी नवं बांधायला काढलंय. स्लॅबचं. कौलं नाहीत, वासे नाहीत, आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळे. तहसील कचेरीत खेटे घालायचे, मग दहा पोती मिळायची, मग पुन्हा काम बंद. तरी ते घर वर येत होतं. येतील तेव्हा एवढंच सांगत: जोतं झालं. भिंती झाल्या. मग एकदा, "स्लॅब पडला." बायकोने विचारलं नव्हतं, पण ते पुढे म्हणाले, "कुटं भेग म्हणून ठिवली न्हाई."

शिवणबाई त्या दिवशी त्यांच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत गेल्या. तसं त्या कधी जात नसत.

पुढच्या खेपेला त्यांनी गाठी मारलेली सुतळी आणली. खिडक्यांची मापं होती ती. हाताशी टेप नव्हती म्हणून सुतळीने घेतली म्हणाले. शिवणबाईंनी सांगलीहून फिकट पिवळं कापड आणलं आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या मशीनवर पडदे शिवायला घेतले. आम्ही चिडवलं तर मान खाली घालून हसत. शिपाईमामांना काळजी पडली. म्हणाले, "तिकडं कोळी धरायला कोन हाय?" त्या म्हणाल्या, आहे एक जण.

माघात ते न्यायलाच आले. घर झालं होतं, आता वास्तू करायची आणि राहायला जायचं. मी तिथे होते. शिवणबाई म्हणाल्या, मुलींच्या परीक्षा तोंडावर आल्यात, मध्येच कशी सोडू, निकाल लागला की येते. मी म्हटलं, जा हो, शिवणाच्या परीक्षेचं मी बघते. त्यांनाही जायचं होतं, ते दिसत होतं. पण इतकी वर्षं एकटं राहिलेल्या बाईला उद्याच निघ म्हटलं की जमत नाही. त्यांना मनाची तयारी करायला थोडा अवधी हवा होता आणि परीक्षा हे चांगलं कारण होतं.

"बरं," यजमान म्हणाले. सवयीने स्टुलावर चढले, कोपरे पाहिले आणि गेले.

चैत्रात एका दुपारी त्यांचा चुलत दीर शाळेत आला. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. विहिरीवरची मोटर सुरू करताना यजमानांना शॉक बसला होता. सकाळी आठच्या सुमाराला. जागच्या जागी गेले.

मी शिवणबाईंबरोबर गेले. कऱ्हाड, सातारा, पुढे फलटण. त्या खिडकीशी बसून होत्या, रडल्या नाहीत. साताऱ्याला गाडी बदलताना त्यांच्या हातात कापडी पिशवी दिसली. निघताना घाईत हाताला लागेल ते उचललं असेल. आत ते पडदे होते, शेवटच्या एकाचा काठ अर्धा दुमडलेला.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळला होता आणि सगळं उरकलं होतं. त्यांना चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही. म्हातारी जुन्या घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. सुनेला बघितल्यावर ती उठायला गेली, उठता येईना. शिवणबाईंनी जाऊन तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. शेजारी नवं घर उभं होतं, गिलाव्यावरचा पांढरा रंगही उडाला नव्हता. दाराला कुलूप होतं.

त्या परत आल्या नाहीत. राजीनामा दिरानेच आणून दिला. खोलीतलं सामान मी बांधून पाठवलं.

दोन उन्हाळे गेल्यावर मी साताऱ्याला बहिणीकडे गेले होते, तेव्हा मुद्दाम फलटणला गेले. मला वाटलं होतं, दोघी नव्या घरात असतील. नव्या घराची दारं उघडीच होती, खिडक्यांना पिवळे पडदेही होते, पण आत भुईमुगाच्या शेंगांची पोती छतापर्यंत रचली होती. शिवणबाई जुन्या घराच्या दारातून बाहेर आल्या. वाळल्या होत्या. केस पांढरे व्हायला लागले होते.

आत्याबाई नव्या घरात पाय टाकत नाहीत, त्या म्हणाल्या. लेकाने ज्यात एक दिवस काढला नाही त्यात मी कशी राहू, असं म्हणतात. आणि त्यांना आता दिसत नाही. त्यांना सोडून मी एकटी तिकडे कशी झोपू?

म्हातारीला ताक करून दिलं, मला पोहे दिले. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीकडे गेली आणि तिथेच थांबली. मी वळून बघितलं. देव्हाऱ्याच्या वर तो बसला होता, चांगला मोठा. मला वाटलं, आता अंगणात धावतील. त्यांनी दोरीवरचा एक जुना विरलेला पंचा घेतला. दोन पावलं पुढे, एक मागे, असं करत त्या भिंतीपाशी गेल्या. पंचा पहिल्यांदा खालीच पडला. दुसऱ्यांदा टाकला तो बरोबर त्याच्यावर पडला. तो गोळा करून, अंगापासून जेवढा लांब धरता येईल तेवढा लांब धरून त्या बाहेर गेल्या. म्हातारीने पावलांच्या आवाजाकडे मान वळवली. "घावला का गं?" तिने विचारलं. बाहेरून उत्तर आलं, "हो, आत्याबाई."

परत आल्यावर त्यांनी बराच वेळ हात धुतले. मी विचारलं, भीती गेली म्हणायची का? त्या म्हणाल्या, "कुठली जाते, ताई? रोज अंग गार पडतं. पण आता नेणारं दुसरं कोण आहे?"

मला पोचवायला त्या मळ्याच्या वाटेने रस्त्यापर्यंत आल्या. गाडीला वेळ होता. बाभळीच्या सावलीत आम्ही उभ्या राहिलो. शाळेचं बोलणं झालं, मामा निवृत्त झाले ते सांगितलं. मग मी काही विचारलेलं नसताना त्या बोलायला लागल्या.

"इतकी वर्षं ते यायचे. मी माझ्याच भीतीत होते. त्या दिवशी एकट्याने घरात ते सगळं करताना ह्यांना काय झालं असेल, ते मी कधी विचारलंच नाही. एकदा विचारायला हवं होतं. त्यांनी सांगितलं असतं, नसतं, ते वेगळं."

एवढ्यात धूळ उडवत गाडी आली. मी चढले, मागच्या बाकावर जागा मिळाली. आमची ती शेवटची भेट. मागच्या काचेतून त्या दिसत होत्या. गाडी निघाली तरी त्यांनी हात हलवला नाही. पदर सावरला आणि वाटेला लागल्या. म्हातारीच्या जेवणाची वेळ होत आली होती, दिवस कलायला लागला होता. वाटेच्या दोन्ही अंगांना डोक्याएवढा ऊस होता, त्यात शिरल्यावर त्यांचं पांढरं लुगडं थोडा वेळ दिसलं, मग तेही दिसेना.